गळकी झडप आणि थकलेले हृदय

आपली मूठ आवळा आणि तिच्याकडे पाहा. जवळजवळ तेवढ्याच आकाराचा एक पंप तुमच्या छातीत, किंचित डाव्या बाजूला, या क्षणी चालू आहे. मोठ्या माणसाचा हा पंप मिनिटाला सुमारे ७० ठोके देतो आणि दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतो. गुणाकार करून पाहा. मिनिटाला ४,९०० मि.लि., म्हणजे जवळजवळ पाच लिटर. आणि दिवसाला सुमारे ७,००० लिटर! रस्त्यावरून जाणारा पाण्याचा टँकर आठवा. तेवढे काम हा मुठीएवढा स्नायू रोज करतो, आणि तेही रात्रीची सुट्टी न घेता.

पंप म्हटला की झडपा आल्याच. गावच्या हातपंपाची झडप झिजली की काय होते, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. दांडा कितीही हलवा, वर चढलेले पाणी पुन्हा खाली उतरते आणि कष्ट वाया जातात. हृदयाच्या झडपाही अशाच गळू लागतात. मग गळकी झडप दुरुस्त केली की झाले, असे तुम्ही म्हणाल. मिस्त्री हातपंपाच्या बाबतीत तेच करतो.

परंतु ज्याचे हृदय आधीच दुर्बल झाले आहे, अशा रुग्णाच्या बाबतीत हा प्रश्न इतका सोपा नाही. झडपेच्या गळतीमुळे हृदय थकले, की हृदय थकल्यामुळे झडप गळू लागली? आणि गळती थांबवली तर रुग्णाचे आयुष्य वाढेल का? या प्रश्नांनी हृदयतज्ज्ञांना कित्येक दशके कोड्यात टाकले होते. २०१८ साली तर गंमतच झाली. महिन्याभराच्या अंतराने प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांनी एकमेकांच्या अगदी विरुद्ध उत्तरे दिली! हे कोडे काय आहे आणि ते कितपत सुटले, ते आज आपण पाहू या.

चार खोल्या, चार दारे

हृदयाला चार कप्पे असतात, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले आहेच. वरच्या दोन कर्णिका आणि खालच्या दोन जवनिका. उजवी बाजू शरीरातून आलेले अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवते. डावी बाजू फुप्फुसांतून आलेले प्राणवायुयुक्त रक्त सर्व शरीराला पुरवते. डोक्यापासून पायांच्या बोटांपर्यंत रक्त पोहोचवायचे म्हणजे जोर जास्त हवा. म्हणून डाव्या जवनिकेची भिंत सर्वांत जाड असते.

डावी कर्णिका आणि डावी जवनिका यांच्यामध्ये जी झडप आहे, ती आजच्या गोष्टीची नायिका. तिला दोन पाकळ्या असतात, म्हणून ती द्विदल झडप. डॉक्टर तिला 'मायट्रल झडप' म्हणतात. सोळाव्या शतकातील शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियस याला ती ख्रिस्ती बिशपच्या उंच, दोन पाकळ्यांच्या टोपीसारखी दिसली. त्या टोपीचे नाव 'मायटर', त्यावरून झडपेचे हे नाव पडले.

जवनिका सैल पडली की ही झडप खाली उघडते आणि वरचे रक्त आत येते. जवनिका आकुंचन पावली की पाकळ्या एकमेकींना चिकटून दार बंद होते, आणि रक्ताला महारोहिणीचा, म्हणजे शरीराकडे जाणाऱ्या मुख्य धमनीचा, एकच रस्ता उरतो. या वेळी जवनिकेतील दाब पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटरपर्यंत चढतो. वर कर्णिकेत तो अवघा १० मिलिमीटरच्या आसपास असतो. एवढ्या दाबाने पाकळ्या कर्णिकेत उलट्या कशा फिरत नाहीत? त्यांच्या कडांना चिवट तंतूंच्या दोऱ्या बांधलेल्या असतात. या दोऱ्यांची दुसरी टोके जवनिकेच्या भिंतीतून वर आलेल्या दोन स्नायूंच्या खुंट्यांना बांधलेली असतात. वाऱ्यात उभारलेल्या तंबूला जसे खुंट्या-दोऱ्या धरून ठेवतात, तसेच हे.

म्हणजे झडप नुसत्या पाकळ्यांची बनलेली नाही. पाकळ्या, त्यांच्याभोवतीचे कडे, दोऱ्या, खुंट्या आणि खुंट्या ज्या भिंतीत रोवल्या आहेत ती जवनिकेची भिंत, हे सर्व मिळून झडपेचे यंत्र बनते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढचे सारे कोडे हिच्यावरच उभे आहे.

चौकट रुंदावली तर?

झडप दोन प्रकारांनी गळू शकते.

पहिल्या प्रकारात पाकळ्यांमध्ये किंवा दोऱ्यांमध्येच दोष असतो. दोरी तुटते, पाकळी सैल पडते किंवा आक्रसते. आपल्या देशात याचे एक मोठे कारण म्हणजे संधिवाताचा ताप. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूंमुळे मुलांचा घसा सुजतो. त्याकडे दुर्लक्ष झाले, तर काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपांना इजा होते. ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांना हा आजार जास्त होतो, म्हणजे तुमच्याच वयाच्या! वेळीच पेनिसिलीन दिले तर तो टळतो.

दुसरा प्रकार समजण्यासाठी एक छोटा प्रयोग करा. दोन्ही हातांचे तळवे समोरासमोर धरा आणि फक्त बोटांची टोके एकमेकांना टेकवून घराच्या छपरासारखा आकार करा. ही झाली बंद झडप. आता बोटे न हलवता दोन्ही मनगटे हळूहळू एकमेकांपासून दूर न्या. बोटांची टोके सुटली आणि मध्ये फट पडली ना? बोटे काही आखूड झाली नाहीत. त्यांच्यात कोणताही दोष नाही. ती ज्या आधारावर उभी होती, तो आधारच दूर सरकला.

दुर्बल हृदयात नेमके हेच घडते. हृदयविकाराच्या झटक्याने स्नायूचा काही भाग मरतो, किंवा वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबाने तो थकतो. मग डावी जवनिका ताणली जाऊन फुगते. तिच्या भिंतीतील खुंट्या बाहेर सरकतात, दोऱ्या पाकळ्यांना खाली ओढतात, कडे रुंदावते. धडधाकट पाकळ्या मग एकमेकींपर्यंत पोहोचतच नाहीत. जुन्या वाड्याचा पाया खचून चौकट फाकली की दाराच्या दोन फळ्यांमध्ये फट पडते. सुताराने फळ्या कितीही तासल्या तरी मूळ दोष पायात असतो. या प्रकाराला डॉक्टर 'दुय्यम गळती' म्हणतात. आज आपल्याला या दुय्यम गळतीचाच विचार करायचा आहे.

दुर्बल हृदयाचा हिशेब

'हार्ट फेल्युअर' हा शब्द ऐकला की अनेकांना हृदय बंद पडले असे वाटते. तसे नाही. शरीराला लागेल तेवढे रक्त पुरवण्याची हृदयाची शक्ती कमी पडते, एवढाच त्याचा अर्थ. असा माणूस चालतो, बोलतो; परंतु जिना चढताना त्याला धाप लागते, पाय सुजतात, आणि रात्री आडवे झाले की श्वास कोंडतो.

आता थोडे अंकगणित करू. निरोगी डाव्या जवनिकेत भरलेल्या स्थितीत समजा १२० मि.लि. रक्त आहे. त्यांपैकी ७० मि.लि. ती बाहेर टाकते, म्हणजे सुमारे ५८ टक्के. सगळे रक्त पुढेच जाते.

दुर्बल जवनिका फुगून तिच्यात समजा २०० मि.लि. रक्त मावू लागले. तिची ताकद मात्र कमी झाली आहे. ती ३० टक्केच बाहेर टाकते, म्हणजे ६० मि.लि. झडप गळकी असल्याने त्यांपैकी २० मि.लि. उलट कर्णिकेत जाते. शरीराला मिळाले अवघे ४० मि.लि. ही तूट भरून काढण्यासाठी हृदय जलद धडधडते. ठोके ९० झाले, तरी मिनिटाला ३,६०० मि.लि.च रक्त पुढे जाते.

मागे गेलेल्या २० मि.लि.चे काय? कर्णिकेतील दाब वाढतो, त्यामागे फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांमध्ये रक्त तुंबते आणि धाप लागते. पुढच्या ठोक्याला ते २० मि.लि. पुन्हा जवनिकेत उतरते. जवनिकेला नेहमीच्या रक्ताबरोबर हेही पेलावे लागते आणि ती आणखी फुगते.

इथे भौतिकशास्त्राचा एक नियम आडवा येतो. फ्रेंच गणिती लाप्लास याच्या नावाने तो ओळखला जातो. पोकळ गोलाच्या आतला दाब तोच राहिला, तरी त्रिज्या वाढली की भिंतीवरचा ताण त्याच प्रमाणात वाढतो. आपल्या उदाहरणात घनफळ १२० वरून २०० झाले. जवनिका गोल मानली तर त्रिज्या किती वाढली, हे शिक्षकांच्या मदतीने काढून पाहा. ती सुमारे १९ टक्क्यांनी वाढते, आणि तेवढाच जास्त ताण आधीच थकलेल्या भिंतीवर पडतो. भिंत पातळ झाली असेल, तर स्नायूच्या वाट्याला येणारा भार याहूनही जास्त असतो.

असे हे दुष्टचक्र आहे. हृदय फुगते म्हणून झडप गळते, आणि झडप गळते म्हणून हृदय आणखी फुगते.

गळती दिसते कशी?

छातीला स्टेथोस्कोप लावला की 'लब्-डब्' असे दोन आवाज ऐकू येतात. हे झडपा बंद होण्याच्या वेळचे आवाज. झडप गळत असेल, तर या दोहोंच्या मध्ये फुंकर घातल्यासारखा 'फुस्स' असा आवाज येतो. १८१६ साली फ्रान्समधील डॉक्टर लेनेक याने स्टेथोस्कोप शोधून काढला, तेव्हापासून डॉक्टर हा आवाज ऐकत आले आहेत. पण गळती किती, हे नुसत्या कानाने मोजता येत नाही. हृदय फार दुर्बल असेल तर मोठ्या गळतीचाही आवाज क्षीण येतो.

१९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे डॉ. इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून धडधडत्या हृदयाची हालचाल नोंदवली. वटवाघूळ अंधारात वाट काढते, तेच तत्त्व. यालाच आज आपण 'इको' तपासणी म्हणतो. पुढे त्याला डॉप्लर परिणामाची जोड मिळाली. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी जास्त कर्कश का वाटते, हे तुम्ही शिकला असाल. रक्ताच्या कणांवरून परतलेल्या ध्वनीची वारंवारताही अशीच बदलते, आणि तिच्यावरून रक्त कोणत्या दिशेने, किती वेगाने वाहते ते कळते. आता डॉक्टर गळतीचे छिद्र किती चौरस मिलिमीटरचे आहे, हेसुद्धा छाती न उघडता काढतात.

धूर की आग?

मोजता येऊ लागल्यावर पुढचा प्रश्न आला. गळती असलेल्या रुग्णांचे पुढे काय होते? रोगाच्या पुढील वाटचालीच्या या अंदाजाला वैद्यकात 'पूर्वानुमान' म्हणतात.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी २००१ साली हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३०३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच वर्षांत, गळती नसलेल्यांपैकी शेकडा ३९ दगावले. गळती असलेल्यांपैकी शेकडा ६२. छिद्र जितके मोठे, तितका धोका अधिक असेही आढळले.

मग गळतीच माणसाला मारते, असे म्हणायचे का? जरा थांबा. ज्यांचे हृदय जास्त फुगलेले असते, त्यांचीच झडप जास्त गळते. अशा लोकांना धोका असणारच, मग तो गळतीमुळे असो वा मूळ दुर्बलतेमुळे. संशोधकांनी आकडेमोडीत हा फरक वजा करण्याचा प्रयत्न केला आणि तरीही गळतीचा संबंध उरला. परंतु आकडेमोडीने अशी शंका पूर्णपणे फिटत नाही. धूर दिसला की आग आहे हे कळते. पण नुसता धूर पंख्याने घालवून आग विझत नाही. उलट, बंद खोलीत धुरानेच माणूस गुदमरतो, हेही खरे. गळती हा निव्वळ धूर आहे, की तोही जीवघेणा आहे? हे कळण्यासाठी गळती थांबवून पाहणे, एवढाच मार्ग होता.

कडे, टाका आणि चिमटा

पूर्वी शल्यविशारद अशा रुग्णांच्या झडपेला हात लावायला धजत नसत. त्यांचे म्हणणे असे की दुर्बल जवनिकेला गळकी झडप ही प्रेशर कुकरच्या सुरक्षा झडपेसारखी आहे. मागची सोपी वाट बंद केली, तर सगळे रक्त महारोहिणीतील जास्त दाबाविरुद्ध ढकलावे लागेल आणि थकलेले हृदय कोलमडेल. १९९०च्या दशकात अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात स्टीव्हन बोलिंग यांनी धाडस केले. झडपेभोवती छोटे कडे शिवून त्यांनी फाकलेली चौकट आवळली. रुग्ण शस्त्रक्रियेतून बचावले, अनेकांची धापही कमी झाली. सुरक्षा झडपेची भीती अवास्तव ठरली. मात्र त्याच विद्यापीठातून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेले रुग्ण न झालेल्यांपेक्षा जास्त जगले, असे स्पष्टपणे दिसले नाही.

दरम्यान इटलीचे शल्यविशारद ओत्ताव्हियो अल्फिएरी यांनी १९९१ साली एक साधी युक्ती वापरली होती. दोन्ही पाकळ्यांच्या कडा मध्यभागी एका टाक्याने जोडून टाकायच्या. झडप उघडते तेव्हा एका मोठ्या छिद्राऐवजी चष्म्याच्या काचांसारखी दोन लहान छिद्रे होतात, आणि बंद होताना पाकळ्या सुटत नाहीत. हेच काम छाती न उघडता करणारा एक बारीक चिमटा पुढे तयार झाला. वाळत घातलेल्या कपड्यांना आपण लावतो तसाच. जांघेतील शिरेतून लांब नळी हृदयापर्यंत नेतात, दोन कर्णिकांमधील पडद्यातून ती डावीकडे जाते, आणि धडधडत्या हृदयातच पाकळ्यांना चिमटा बसतो. २००३ साली व्हेनेझुएलातील काराकास येथे तो प्रथम माणसाला बसवण्यात आला.

दोन अभ्यास, दोन उत्तरे

आता खरी कसोटी घेता येणार होती. रुग्णांचे दोन गट करायचे. कोण कोणत्या गटात जाणार, हे चिठ्ठी टाकल्यासारखे दैवावर सोडायचे, म्हणजे दोन्ही गट सारखे होतात. दोघांनाही औषधे द्यायची. चिमटा मात्र एकाच गटाला.

फ्रान्समधील अभ्यासात ३०४ रुग्ण होते. एका वर्षात मृत्यू आला किंवा हृदयाच्या दुर्बलतेमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले, अशांचे प्रमाण चिमटा असलेल्या गटात शेकडा ५४.६ आणि नसलेल्या गटात शेकडा ५१.३ निघाले. म्हणजे फायदा शून्य!

अमेरिका व कॅनडातील अभ्यासात ६१४ रुग्ण होते. दोन वर्षांत नुसत्या औषधांवरच्या गटातील शेकडा ४६.१ रुग्ण दगावले. चिमटा बसवलेल्यांपैकी शेकडा २९.१. रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही जवळजवळ निम्म्यावर आले. शंभरांमागे १७ माणसे जास्त वाचली, म्हणजे साधारण दर सहा रुग्णांमागे एक जीव.

झडप तीच, चिमटा तोच, रोगही तोच. दोन्ही अभ्यास काळजीपूर्वक केलेले. मग उत्तरे विरुद्ध कशी?

भागाकाराने दिलेला सुगावा

दोन्ही अभ्यासांतील रुग्णांची सरासरी मापे शेजारी शेजारी मांडली, तेव्हा एक फरक नजरेत भरला. अमेरिकी रुग्णांच्या झडपेतील गळतीचे छिद्र सरासरी ४१ चौरस मिलिमीटर होते, फ्रेंच रुग्णांचे ३१. जवनिकेचे आकारमान शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरमागे मोजतात. ते अमेरिकी रुग्णांत १०१ मि.लि. आणि फ्रेंच रुग्णांत १३५ मि.लि. होते.

आता छिद्राला आकारमानाने भागा. ४१ भागिले १०१ म्हणजे ०.४१. ३१ भागिले १३५ म्हणजे ०.२३. पहिले गुणोत्तर दुसऱ्याच्या जवळजवळ पावणेदोन पट!

२०१९ साली पॉल ग्रेबर्न, आना सान्नीनो आणि मिल्टन पॅकर या संशोधकांनी याचा अर्थ लावला. काही रुग्णांत गळती हृदयाच्या फुगण्याच्या प्रमाणात असते. एवढे फुगलेले हृदय म्हटल्यावर एवढी गळती असायचीच. अशा रुग्णात मूळ दुखणे जवनिकेत आहे. झडप आवळून फारसे साधत नाही. दुसऱ्या काही रुग्णांत मात्र हृदय बेताचेच फुगलेले असते, पण गळती त्या मानाने फार मोठी असते. इथे गळती हीच हृदयावरचा मोठा बोजा असते आणि ती थांबवली की फायदा होतो. धूर आणि आग यांचे प्रमाण प्रत्येक घरात वेगळे असते, असे म्हणा ना.

आणखीही एक फरक होता. अमेरिकी अभ्यासात रुग्णाला आधी पूर्ण मात्रेत औषधे देऊन पाहत आणि त्यानंतरही गळती उरली तरच त्याला घेत. याला महत्त्व आहे, कारण आजच्या औषधांनी पुष्कळदा जवनिकेचा आकारच कमी होतो. आकार कमी झाला की खुंट्या जागेवर येतात आणि झडप आपोआप कमी गळू लागते. आपल्या बोटांच्या प्रयोगात मनगटे परत जवळ आणून पाहा, म्हणजे हे पटेल.

गुणोत्तराच्या या कल्पनेने सगळे कोडे सुटले, असे मात्र समजू नका. २०२४ साली ५०५ रुग्णांवरचा तिसरा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील रुग्णांची गळती फ्रेंच रुग्णांहूनही कमी होती. तरीही चिमट्यामुळे रुग्णालयाच्या फेऱ्या कमी झाल्या. एकूण मृत्यूंमध्ये मात्र ठळक फरक पडला नाही. तेव्हा भागाकाराने सुगावा दिला, पण तपास अजून चालू आहे.

शंभरांचे भाकीत आणि एकाचे भाकीत

अमेरिकी अभ्यासातील रुग्णांवर पुढे पाच वर्षे लक्ष ठेवण्यात आले. दोन वर्षांनंतर दुसऱ्या गटातील काहींनाही चिमटा बसवण्याची मुभा होती. पाच वर्षांअखेर चिमट्याच्या गटातील शेकडा ५७.३ आणि दुसऱ्या गटातील शेकडा ६७.२ रुग्ण दगावले होते. हे आकडे दोन गोष्टी सांगतात. योग्य रुग्णात गळती थांबवल्याने जीव वाचतात, ही एक. आणि दार दुरुस्त झाले तरी खचलेला पाया तसाच राहतो, ही दुसरी. म्हणून झडपेचा इलाज झाल्यावरही हृदयाची औषधे सोडून चालत नाही.

असे आकडे वाचून घाबरून जायचे कारण नाही. हे रुग्ण सरासरीने सत्तरीच्या आसपासचे होते आणि त्यांचा आजार बराच पुढे गेलेला होता. शिवाय शेकडेवारी हे शंभरांचे भाकीत असते. वेधशाळा पावसाची शक्यता वर्तवते. तुमच्याच अंगणात पाऊस पडेल की नाही, हे ती सांगू शकत नाही. एका रुग्णाचे पूर्वानुमान त्याचे वय, मूत्रपिंडांची स्थिती, औषधांना मिळालेला प्रतिसाद अशा अनेक गोष्टींवर ठरते, आणि ते बदलतेही. म्हणूनच औषधे सुरू केल्यावर काही महिन्यांनी डॉक्टर पुन्हा इको तपासणी करायला सांगतात. आधीचा कागद हा कायमचा निकाल नसतो.

तुमच्या घरातील आजी-आजोबांना सपाट झोपल्यावर धाप लागत असेल, रात्री श्वास कोंडून जाग येत असेल, संध्याकाळी पाय सुजत असतील, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. घरात कोणाला उच्च रक्तदाब असेल, तर बरे वाटते म्हणून गोळ्या बंद होऊ देऊ नका. तंबाखूला स्वतः हात लावू नका. धाकट्या भावंडाचा घसा तापासह सुजला, तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. पाया खचू नये म्हणून आपल्या हाती असलेले हे उपाय आहेत.

आणि आता एक गणित तुमच्यासाठी. एका रुग्णाच्या डाव्या जवनिकेत १८० मि.लि. रक्त भरते. तिच्यातून ३५ टक्के रक्त बाहेर टाकले जाते, पण त्याचा एक तृतीयांश भाग झडपेतून मागे जातो. ठोके मिनिटाला ८४ आहेत. तर शरीराला मिनिटाला किती रक्त मिळते?

(उत्तर : सुमारे साडेतीन लिटर. आता औषधांनी गळती निम्मी झाली आणि बाकी सारे तसेच राहिले, तर किती मिळेल, ते वर्गात सोडवा.)